शांतवनकाकांची अखंड प्रार्थना

देवाला थांबायला सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे शेजारी शांतवनकाका. संगमनेरात आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये नुसता पत्रा होता, त्यामुळे त्यांची सकाळची प्रार्थना आम्हाला शब्दन् शब्द ऐकू यायची. "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझं नाव... प्रभू, थांब हां जरा, दूध उतू चाललंय." मग स्टोव्ह बंद केल्याचा आवाज, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अर्धी सोडलेली प्रार्थना मधूनच उचलायची, हे त्यांना चालत नसे.

काका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाले, पाठोपाठ राहेलकाकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेव्हा त्यांनी ठरवलं, आता संसार कमी करायचा आणि प्रार्थना वाढवायची.

आधी रेडिओ गेला. "बातम्या ऐकल्या की प्रार्थनेत लढाईच येती," म्हणाले, आणि भाच्याला देऊन टाकला. मग खुर्च्या. "खुर्ची दिसली की मानूस बसतो, बसला की बोलतो." शेवटी भिंतीवरचं घड्याळ गेलं, कारण डोळे मिटले तरी कान टिकटिकीकडे. त्यानंतर मात्र दर तासाला आमच्या दाराशी, "विमलताई, किती वाजले?" माझी बायको विमल म्हणाली, "काकांनी घड्याळ सोडलं, ते आपल्या गळ्यात पडलं."

घर रिकामं झालं, मन काही होईना. एकदा मला म्हणाले, "मास्तर, समदं देऊन बसलो, तरी चौथ्या वाक्याला डोक्यात वांगी येत्यात. ती कुनाला देऊ?"

बहात्तरच्या दुष्काळात नळ कोरडे पडले. गल्लीत टँकर यायला लागला, तोही नेमका प्रार्थनेच्या वेळेला. हॉर्न वाजला की "प्रभू, थांब" म्हणून काका हंडा घेऊन सगळ्यांच्या आधी रांगेत. परतताना तोंड उतरलेलं. "पान्यासाठी देवाला ताटकळत ठेवतो मी," एवढंच म्हणायचे.

एका सकाळी हॉर्न वाजला, तरी पलीकडे प्रार्थना चालूच. विमलने पत्रा वाजवला. "काका, टँकर आलाय." आवाज जरासा अडखळला आणि तसाच पुढे गेला. हंडा दाराबाहेर उपडा पडलेला. गल्लीतली चंद्राआजी एरवी तांब्याभर पाण्यासाठी भांडायची. तिनेच तो उचलून रांगेत ठेवला. टँकरवाला म्हणाला, "मानूस हजर नसंल तर हंडा भरनार न्हाई." आजीने स्वतःच्या हंड्यातला एक तांब्या त्यात ओतला. मग विमलने ओतला. मग एकेक करत सगळ्यांनीच.

बऱ्याच वेळाने काका बाहेर आले. चेहरा वर्गात पहिला आलेल्या पोरासारखा. "उठलो न्हाई," म्हणाले. "पार आमेनपतुर गेलो." मग त्यांना काठोकाठ भरलेला हंडा दिसला. त्याच्याकडे बघत उभेच राहिले.

"पानी सोडून एवढं काय मागत व्हता?" चंद्राआजीने विचारलं.

"मागत न्हवतो. गल्लीतली नावं घेत हुतो, एकेकाचं बरं व्हावं म्हनून. तुमच्या नावाला हॉर्न वाजला. तुमाला अर्ध्यात कसं सोडू?"

आजी पदर सारखा करत राहिली. काका खाली बघत म्हणाले, "रविवारी समदी जेवाय या. पिठलं-भाकरीच हाय. राहेल गेल्यापासनं जेवनाची प्रार्थना मीच म्हनतो आन् आमेनबी मीच म्हनतो. बरं वाटत न्हाई."

रविवारी अख्खी गल्ली त्या रिकाम्या खोलीत मांडी घालून बसली. ताटं वाढली गेली. काकांनी हात जोडून भाकरीसाठी आभार मानले, पाण्यासाठी मानले, आलेल्या माणसांसाठी मानले, आणि आमेनच्या आधी थांबून आमच्याकडे पाहिलं.

तेव्हा चंद्राआजीच खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन." आणि तिच्यामागून सगळी गल्ली म्हणाली.