विमानाच्या नाकातलं वजन

"अहो, खिडकीतल्या वाटीतलं काही घेतलंत का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही गं," पायलट म्हणाला. सगळ्या संसारात या प्रश्नाला त्याने दुसरं उत्तर कधी दिलंच नव्हतं.

"आईचं कानातलं होतं त्यात. फिरकी तुटली म्हणून सोनाराकडे न्यायचं होतं. एक कपाटात आहे, एक वाटीत ठेवलं होतं."

पायलटने टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या विमानाकडे पाहिलं.

त्याला पायलट घरातले म्हणत. तो विमा कचेरीत कारकून होता. विमानात एकदाच बसला होता, तेही डोळे गच्च मिटून. पण लहानपणी त्याने प्लॅस्टिकचे तुकडे जोडून एक विमान केलं होतं. नाक बंद करण्याआधी आत वजन ठेवा, असं खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं. घाईत ते राहिलं. मग विमान चाकांवर उभं राहीना. नाक वर करून शेपटीवर बसे. थोरला भाऊ गल्लीतल्या पोरांना बोलावून दाखवायचा, "बघा रे, आमचं विमान परसाकडे बसलंय!"

परवा जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याला तोच खोका दिसला. कोपरे फाटलेले, वरचं चित्र उडालेलं, पण आतला एकही तुकडा सुटा केलेला नव्हता. झाकण उघडल्यावर जो वास आला त्याने तो पुन्हा चौथीत गेला. या खेपेला वजन विसरायचं नव्हतं. त्याने चष्मा न लावताच वाटीत बोटं घातली. स्क्रू, बटणं, बिनकुलपाच्या किल्ल्या आणि त्यांत एक छोटा, जड, पिवळा मणी. कपाटाच्या मुठीचा असेल. तो नाकात चिकटवला आणि नाक बंद केलं. विमान तिन्ही चाकांवर ऐटीत उभं राहिलं.

आता ते ऐटीत उभं होतं आणि पायलट मटकन खुर्चीत बसला. आई गेल्यावर बायकोला तिची आठवण म्हणून एवढंच मिळालं होतं. बाकी सगळं थोरल्या बहिणीने नेलं. खरं सांगावं, तर 'नाही' का म्हणालात, हे सांगावं लागणार. न सांगावं, तर विमान फोडून ते गुपचूप काढावं लागणार. एवढ्या वर्षांनी चाकांवर उभं राहिलेलं विमान!

तो ठरवत बसला, तोवर नळवाला आला.

"बेसिनमध्ये गेलं असणार," बायको त्याला सांगत होती.

नळवाल्याने बेसिनखालचा पाइप खोलला. कंगवा निघाला, टूथपेस्टची झाकणं निघाली.

"साहेब, हा दात तुमचा का?"

"ठेव तिकडे," पायलट तोंडावर हात ठेवून म्हणाला.

नळवाला गेला आणि बायकोकडून फोनवर बातमी कळल्यामुळे थोरली मेहुणी आली. आल्या आल्या तिने सोफ्याच्या गाद्या उचलल्या, गालिचा झटकला आणि शेवटी, काही कारण नसताना, विमान उचललं.

खुळ्ळ.

आतला ग्लू सुटला होता.

"आत काय वाजतंय हो, पायलट?"

"इंजिन."

"खेळण्याला इंजिन?"

"जुन्या काळातलं आहे, ताई. तेव्हा माल चांगला यायचा."

बायकोने एकदा विमानाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि चहा टाकायला आत गेली.

"मी सांगते, कामवालीला विचार," मेहुणी चहा पिताना म्हणाली. "आणि उद्याच विचार."

मेहुणीला बसथांब्यावर सोडून पायलट परत आला. त्याने हळूच विमान हलवून पाहिलं. आवाज नाही. पुन्हा हलवलं. नाही. वाजत होतं तेव्हा निदान आत आहे हे कळत होतं. आता हे मुकं झालं, म्हणजे काय समजायचं? त्या रात्री बायको ढाराढूर झोपली. तो आढ्याकडे बघत पडून राहिला.

सकाळी ती त्याच्यासमोर बसली, चहा ओतला आणि शांतपणे म्हणाली, "बाई येतीलच आता. विचारून टाकते. इतक्या वर्षांपासून कामाला आहेत, पण काय करणार?"

बाहेर फाटक वाजलं. बाईंच्या चपला जिन्यावर ऐकू आल्या. पायलट कपाटाआडची हातोडी घेऊन आला आणि त्याने डोळे मिटून विमानाच्या नाकावर घाव घातला. पंख उडाले, एक चहात पडला.

"बाईंना काही बोलू नकोस! मी घेतलं! चष्मा नव्हता गं, मणी समजून यात घातलं! हे बघ, इथेच..."

त्याने तुकडे चाचपले. नाकात, ग्लूने पक्का बसवलेला, नळाचा लोखंडी नट होता.

"इथेच होतं!" तो रडकुंडीला आला. "शपथ घेतो! सोन्याचं होतं!"

"होतं ना," बायको म्हणाली. "वर बघा जरा."

त्याने वर बघितलं. तिच्या दोन्ही कानांत कानातली होती. एकाची फिरकी दोऱ्याने बांधलेली होती.

"काल तुम्ही ताईला सोडायला गेलात तेव्हा काढलं. सुरी तापवून सांध्यावर फिरवली. नळवाल्याचा नट राहिला होता, तो घातला. वजनाशिवाय शेपटीवर बसलं असतं ना ते! आमच्या दादाची विमानं कोण जोडायचं? तो नुसता रंग फासायचा." तिने चहातला पंख चमच्याने बाहेर काढला. "जेवायला वाढलं, आत्ता चहा ओतला, दोन्ही वेळा ही घालून समोर होते. म्हटलं, कानांकडे बघतील तरी."

पायलट कानांकडे बघत होता.

"आता बघून काय उपयोग?" ती म्हणाली. "हलू नका, खाली चाक पडलंय. आणि ग्लू आणा. या खेपेला मी जोडते, तुम्ही नुसतं धरा."