सपाट चमचा

बाळ झाल्यानंतर आज पहिल्यांदाच ती कामावर निघाली होती, आणि नेमकं आजच सकाळी सासऱ्यांनी तिचं कौतुक केलं.

एका कडेवर बाळ, एका हातात नाश्त्याची बशी आणि दातांत केसांची पिन अशा थाटात ती बैठकीत आली, तर वर्तमानपत्रातून डोकं वर काढून ते म्हणाले, "तू बिनघोर जा. मी आहे ना बाळापाशी. आणि एक सांगू? घर फार छान सांभाळतेस हो तू."

पिन खाली पडली. बशी तिने कशीबशी टेबलावर टेकवली.

सासरे म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेली. जगात पुरतं भरलेलं असं त्यांना काही सापडलंच नव्हतं. नातू जन्मला तेव्हा तो कुणावर गेलाय यावर सगळे भांडत होते, आणि हे त्याच्याखालचा काटा न्याहाळून म्हणाले होते, "हा वीस ग्रॅम खोटं दाखवतोय."

आणि आज म्हणे फार छान!

तिच्या डोळ्यांपुढे डॉक्टर उभे राहिले. सासऱ्यांची मधुमेहाची गोळी वाढवून देताना त्यांनी बजावलं होतं, "गोळी घेतली की खाण्यात उशीर नको. साखर फार खाली गेली तर जिवावर बेततं. घाम, थरथर, आणि माणूस नेहमीसारखा वागेनासा झाला, की आधी तपासा."

तिने नवऱ्याला फोन लावला.

"बाबा म्हणाले, मी घर छान सांभाळते."

"छान म्हणाले की फार छान?"

"फार."

"अरे देवा! साखरेचं मशीन काढ! शेजारच्या काकूंना बोलाव!"

काकू एका पायात चप्पल आणि हातात साखरेचा डबा अशा धावत आल्या. "घाम आलाय भाऊजींना!"

"पंखा बंद आहे. बाळाला सर्दी झालीये," सासरे म्हणाले.

"हात बघा कसा थरथरतोय!"

"संतापाने!"

"मी ठणठणीत आहे असं म्हणताहेत का?" फोनमधून नवरा ओरडला.

"म्हणताहेत ना!"

"मग तेच तर लक्षण!"

काकूंनी चमचा उगारला होता. पण सूनबाईने आधी सासऱ्यांचं बोट टोचलं. मशीनवर आकडा आला, एकशे अठरा. अगदी चोख.

काकूंचा चमचा खाली आला. मग सासरे कडाडले, "म्हणजे या घरात चांगलं बोललं की माणूस आजारी! उचला तो नाश्ता. नको मला!"

"आले हो मूळपदावर," म्हणत काकू डबा घेऊन घरी गेल्या. नवऱ्याने हुश्श करून फोन ठेवला. तेवढ्यात बाळाने तिच्या नव्या कुर्त्यावर दूध काढलं, आणि त्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. बाबांची सकाळची गोळी पोटात गेली होती. नाश्ता बशीतच होता.

बाळाला थोपटून झोपवण्यात, कुर्ता बदलण्यात चांगला तासभर मोडला. मधे दोनदा तिने "बाबा, खाऊन घ्या ना" म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा वर्तमानपत्रामागून नुसतं "हं" आलं. फुगले आहेत, तिला वाटलं. फुगणारच की.

दारात उभी राहून तिने एक पाय चपलेत घातला. "बाबा, बाळ उठलं की दूध द्यायचंय. पावडरचे पाच चमचे..."

पुढचं बाबाच सांगणार, हे ठरलेलं. सपाट चमचे! शीग नको! चमच्यावरून स्टीलची पट्टी फिरवून दाखवायचे ते.

वर्तमानपत्रामागून जड जिभेने आवाज आला, "घालू... अंदाजे."

तिचा पाय चपलेतच थिजला.

अंदाजे? बाबा?

दुसऱ्या क्षणी ती एका चपलेनिशी आत होती. शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. हात गार. मशीनने दाखवलं, चोपन्न.

"काकू! साखर आणा, साखर!"

पाण्याच्या पेल्यात हाताला येईल तशी साखर ओतून, ढवळून तिने पेला त्यांच्या ओठांना लावला.

"कशाला उगीच..."

"प्या म्हणते ना!"

सासऱ्यांना असं दटावून बोलायची तिची ही पहिलीच वेळ. ते निमूट प्यायले. आत बाळ जागं होऊन टाहो फोडू लागलं, फोन वाजत राहिला, काकू कधी बाळाकडे तर कधी देवाकडे धावत होत्या. ती मात्र तो गार हात धरून तिथेच जमिनीवर बसून होती. एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं असतं तर? हे असे खुर्चीत, आणि पिल्लू एकटंच पाळण्यात. पुढचा विचार तिने करूच दिला नाही स्वतःला.

हळूहळू हात कोमट झाला. ओठ हलले.

"साखर शिगोशीग घातलीस. चमचा सपाट भरायचा असतो."

ती हसता हसता रडायलाच लागली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. आकडा शंभराला टेकला होता. डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी दोघांनाही चांगलंच फैलावर घेतलं. मग सासऱ्यांनी अख्खी बशी पुसून खाल्ली. काकूंनी संध्याकाळपर्यंत इथेच मुक्काम जाहीर केला, आणि तिच्या कार्यालयानेही दुपारी आलं तरी चालेल म्हणून सांगितलं.

"मघाशी तुझ्याबद्दल जे बोललो ना..." सासरे बशीकडे बघत पुटपुटले.

"राहू द्या हो, बाबा. साखरेचा काय भरवसा."

"राहू द्या काय? ते एकशे अठराला बोललो होतो! तपासून दिलेलं माप आहे. परत घ्यायचं नाही."

तिने बाळाच्या जावळात तोंड खुपसलं. मग पर्स उचलली. फोनवर नवरा होताच.

"किती उशीर झाला हो, बाबा?" तिने विचारलं.

सासऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "झाला असेल थोडाफार."

पर्स खाली आपटली. दोघी गर्रकन वळल्या. वर्तमानपत्रामागे पोट गदगदा हलत होतं.

"अगं, गंमत केली!"

"गंमत?" फोन किंचाळला. "बाबांनी?"

काकूंनी डब्याचं झाकण उघडलंसुद्धा होतं.