दुसऱ्या रकान्यातली सही

प्रयोगशाळेच्या दाराशी एक रजिस्टर ठेवलेलं असे आणि त्याचं पेन कोणी पळवू नये म्हणून दोरीने बांधलेलं असे. त्यात प्रत्येक ओळीला सहीचे दोन रकाने होते. सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये एकट्याने काम करायचं नाही, असा विद्यापीठाचा नियम होता. एकाला चक्कर आली तर दुसऱ्याने मदतीला फोन करावा, हा त्यामागचा विचार. नियमात नाव ठेवायला जागा नव्हती. दुसरा माणूस कुठून आणायचा, एवढंच काय ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

परदेशी शिकायला येऊन तिला आठ महिने झाले होते आणि ती लॅबमध्ये वाढवत असलेल्या पेशींचं वयही तेवढंच होतं. या पेशींना रविवार कळत नसे. रोज सकाळी त्यांचं खाद्यद्रव बदलावं लागे. एक दिवस जरी चुकला तरी सगळं काम कचऱ्याच्या डब्यात, आणि त्या कामावर उभी असलेली शिष्यवृत्तीही त्याच डब्यात. शनिवारी मदतनीस अर्धा दिवस असे, त्यामुळे निभून जाई. रविवारी सोबत येणारा विद्यार्थी मात्र शिक्षण संपवून निघून गेला, तेव्हा तिने एकेकाला विचारून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघींची मुलं लहान होती. एकाने नुकतंच घर घेतलं होतं आणि तो दर रविवारी त्याला रंग देत होता. तिच्या मार्गदर्शक सरांनी चष्मा पुसत सांगितलं, की रविवार कुटुंबासाठी असतो. सगळे इतक्या गोड शब्दांत नाही म्हणाले, की प्रत्येकाचे आभार मानून तिला परत यावं लागलं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पहिल्या रकान्यात सही करून ती दुसऱ्यापाशी थांबली. आत्या मायदेशातून फोनवर होतीच. तिला लहानपणापासून आत्यानेच वाढवलं होतं. निवृत्त गणितशिक्षिका, घरात एकटी, बोलायला कायम तयार. पेन हातात धरून भाचीने शास्त्रीय पद्धतीने विचार केला. दुसरी व्यक्ती सोबत हवी: आहे. चक्कर आली तर त्या व्यक्तीने फोन करायचा: फोन आत्याच्या हातातच आहे. मग तिने दुसऱ्या रकान्यात आत्याची सही ठोकून दिली. चौथीपासून प्रगतिपुस्तकावर ती सही करायचा तिला सराव होता. ती लिपी वाचता येणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

मग तेच वळण पडलं. फोन पिपेटच्या स्टँडला टेकवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनाचौकोनातल्या पेशी मोजायच्या आणि आकडे मोठ्याने सांगायचे. बेरीज करून सरासरी सांगण्याचं काम आत्याचं.

"त्रेचाळीस," आत्या म्हणे. "मागच्या वेळी एक्कावन्न होत्या. उपाशी ठेवलंस का गं त्यांना?"

ते झालं की आत्याच्या शेजारच्या मुलीचा विषय निघे. तिलाही परदेशी विद्यापीठात जायचं होतं आणि फायदे-तोटे लिहून देण्याचं आत्याने भाचीच्या वतीने परस्पर कबूल करून टाकलं होतं. फायद्यांची यादी दर रविवारी लांबत होती: उपकरणं हवी तेव्हा मिळतात, ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं असतं, लग्न कधी करणार म्हणून कोणी विचारत नाही. तोट्यांच्या रकान्यात ती एकच गोष्ट लिहून खोडत असे. कोणी काहीच विचारत नाही. खोलीवर तिने कप घेतले होते, ते जोडीनेच मिळत होते म्हणून दोन. दुसऱ्यावरची किमतीची चिठ्ठी अजून निघाली नव्हती.

बारा रविवार झाले आणि सुरक्षा अधिकाऱ्यांचं पत्र आलं. हा गृहस्थ रजिस्टर खरोखर वाचत असे. दुसऱ्या रकान्यातल्या व्यक्तीने सुरक्षा परीक्षा दिलेली नाही, ती पंधरा दिवसांत द्यावी, नाहीतर दोघांचाही प्रवेश बंद. सोबत फॉर्म होता. तिने तो भरला. नाव खरं, वय खरं, अनुभव: गणिताचं अध्यापन, पस्तीस वर्षं. फॉर्ममध्ये एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी पाठवण्याआधी तिने तो तीनदा वाचला.

परीक्षा संगणकावर होती. ती प्रश्न आपल्या भाषेत वाचून दाखवी आणि आत्या उत्तर देई. एका ठिकाणी तिने हळूच बरोबर उत्तराकडे वळवायचा प्रयत्न केला, तर आत्या भडकली. "मी जन्मभर पोरांना कॉपी करताना पकडलंय, आणि तू मला कॉपी पुरवतेस?" आत्याला वीसपैकी एकोणीस मिळाले. तिला स्वतःला सतरा मिळाले होते. आठवडाभराने आत्याच्या नावाचा पांढरा कोट आला आणि तिच्या कोटाशेजारच्या खुंटीवर जाऊन बसला. येणारेजाणारे आता तिला विचारू लागले, की तुमच्या रविवारच्या बाई कशा आहेत. तिची स्वतःची चौकशी अजून कोणी केली नव्हती.

आणि मग एका सोमवारी तिने रजिस्टरचं पान उलटलं. रविवारी संध्याकाळच्या ओळीतही आत्याची सही होती. अक्षरं ओळखू येत होती, पण चित्र काढावं तशी काढलेली, आणि वरची रेघ चक्क खाली, अक्षरांच्या पायाशी. पहिल्या रकान्यात सही होती सरांची. तिने मागची पानं चाळली. पाच रविवार हाच प्रकार चालू होता.

हे तिला दिसलं तसं सुरक्षा अधिकाऱ्यांनाही दिसलं. दुसऱ्याच दिवशी सरांच्या खोलीत तिघांची बैठक झाली.

"या बाई सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत काम करतायत," अधिकारी म्हणाले. "सुट्टी नाही, विश्रांती नाही. संध्याकाळची सही बघा. रेघ कुठल्या कुठे गेलीय. हात थकलाय त्यांचा."

ती कबुलीजबाबासाठी शब्द जुळवू लागली. पहिलं वाक्य मनात तयार झालं, तेवढ्यात सरच बोलले. "चूक माझी आहे. मी त्यांना थांबवून घेतलं. तक्रार करणाऱ्यांपैकी नाहीत त्या."

"फार मोठ्या मनाच्या दिसतात," अधिकारी म्हणाले. त्यांनी आत्याला पुढची सूचना येईपर्यंत सक्तीची विश्रांती दिली आणि प्रकृतीबद्दल शुभेच्छा लिहून ते निघून गेले.

सरांनी दार लोटून घेतलं. मग सरांनी चष्मा काढला आणि सांगितलं, की त्यांची पत्नी गेल्याला चार वर्षं झाली आणि मुलगी दोन समुद्रांपलीकडच्या विद्यापीठात शिकते. "फायदे पुष्कळ आहेत तिथे," ते म्हणाले. "घरी रविवार फार लांबतो." मग रजिस्टरातल्या बाई कोण, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. ते आधी हसले आणि मग त्यांनी जरा घाबरतच विचारलं, की रविवारी ते सकाळी नऊला आले तर तिला अडचण होईल का.

प्रश्न सुटला होता. दोन रकाने, दोन खरी माणसं. रविवारी सर शेजारच्या टेबलाशी कामाला लागले आणि तिने आनंदाने फोन लावला. सगळी हकीकत सांगून झाल्यावर ती म्हणाली, की आता आत्याला दर रविवारी असं ताटकळत बसायला नको.

मग आत्याने विचारलं, "म्हणजे मला काढलं?"

"काढलं नाही गं. विश्रांती दिलीय."

"पाच दिवस तीच घेत असते मी. शनिवारी वह्या काढते, रेघा मारून ठेवते तुझ्या आकड्यांसाठी." आत्या म्हणाली. "मग रविवारी काय करू मी?"

तिने सरांकडे पाहिलं. पेशी मोजण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या आकडेमोडीत कधी कोणाला चूक सापडली नव्हती.

"आत्या, तुला म्हणून सांगते," ती आवाज खाली आणून म्हणाली, "सरांना बेरीज अजिबात येत नाही."

"तरीच," आत्या म्हणाली. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "त्यांचेही आकडे दे इकडे."