पाट्याला टाकी

भाजलेले जवस पाट्यावर टाकून चारुदत्त मोहरीलांनी वरवंटा ओढला, तेव्हा जवस एका बाजूनं आत गेले आणि दुसऱ्या बाजूनं जसेच्या तसे बाहेर आले. काही ओट्यावर सांडले, काही फ्रिजखाली गेले. पाटा इतका गुळगुळीत झाला होता की जवस त्यावर वाटले जात नव्हते, घसरगुंडी खेळत होते.

पाटा आईचा, परतवाड्याचा. बहिणीनं घर बदललं तेव्हा तो अडगळीत निघाला, आणि अमरावतीच्या कॉलेजात आयुष्यभर ग्रंथपाल राहिलेल्या या माणसानं बॅगेतली पुस्तकं काढून त्या जागी पाटा आणि वरवंटा भरला. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं "हे काय आहे?" असं विचारल्यावर मोहरील घाबरून म्हणाले, "मिक्सर." अधिकारी पाट्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिला. "इथं प्लग वेगळा लागतो," तो गंभीरपणे म्हणाला आणि त्यानं बॅग पुढे ढकलली.

मुलानं, पुष्करनं, त्यांना परदेशात, सस्काटूनला आणलं ते बायको गेल्यानंतर. मग पुष्करची नोकरी ओटावाला गेली. "तुम्ही पण चला बाबा," तो म्हणाला होता. पण तिकडचा फ्लॅट लहान होता आणि म्हणताना तो खोकी बांधत होता, त्यामुळे त्याचा चेहरा दिसला नव्हता. "इथली लायब्ररी चांगली आहे," असं मोहरील म्हणाले. पुष्करला ते पटलं. ते त्याला इतक्या लवकर पटेल, असं मात्र मोहरीलांना वाटलं नव्हतं.

तेव्हापासून ते एकटे राहत आणि ओट्यापाशी उभ्यानंच जेवत. एकट्यासाठी टेबलावर ताट मांडलं की समोरची खुर्ची उगाच मोठी दिसते. सस्काटूनभोवती जवसाची शेतंच्या शेतं. लोक ते जवस दह्यावर भुरभुरून औषधासारखे खात. ग्रोसरीच्या दुकानात जवसाची पिशवी दिसली आणि मोहरीलांना आईच्या चटणीनं पछाडलं. मिक्सरमध्ये करून पाहिली, तर भुकटी झाली. तेल सुटेना. तेल सुटत नाही ती जवसाची चटणी नव्हे, हे आईचं मत, आणि आईची मतं तपासून पाहायची त्यांना सवय नव्हती.

रविवारी पुष्करचा फोन आला.

"जेवला का रे?" मोहरीलांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"बाबा, दुपारचे चार वाजलेत इथं."

"पाट्याला टाकी लावायला हवी."

"कसली टाकी? पाण्याची?"

"अरे, छिन्नीनं टाके पाडतात. दरवर्षी एक बाई यायची दारावर. पाटा खरबरीत झाल्याशिवाय वाटण होत नाही."

"नवीन मिक्सर पाठवू का? ऑनलाइन करतो ऑर्डर. बरं, मीटिंग आहे, ठेवतो."

रविवारी कसली मीटिंग, हे मोहरीलांनी विचारलं नाही.

गावातल्या मोजक्या मराठी घरांपैकी एक शुभदाचं. ती नागपूरची. तिला विचारल्यावर तिनं क्षणभर विचार केला. "काका, दगडावर छिन्नी चालवणारा इथं एकच असेल बघा. थडगी बनवणारा. पण बसनं जातो काहून म्हणता? विकेंडला मी सोडते ना."

विकेंडपर्यंत तिला त्रास दिल्याचं दडपण वागवण्यापेक्षा बस बरी, असं ठरवून मोहरीलांनी पाटा-वरवंटा चाकांच्या पिशवीत घातले. वाटेत त्यांनी इंग्रजी वाक्य तयार केलं: हा स्वयंपाकघरातला दगड आहे, कृपया याच्यावर बारीक खड्डे पाडून द्या. ते त्यांनी मनातल्या मनात इतकं घोकलं की स्टॉप एक पुढे गेला.

दुकान ऑल्गा आणि वॉल्टर या नवराबायकोचं होतं. दोघं साठीच्या पुढची. अंगणात चकचकीत दगड उभे होते, काहींवर नावं होती, काही अजून गिऱ्हाइकाची वाट बघत होते. आत मशीनची घरघर. ऑल्गानं पिशवीत डोकावून पाहिलं.

"हा माझ्या आईचा," मोहरील म्हणाले. वाक्याच्या आधी थोडी प्रस्तावना असावी, एवढाच त्यांचा हेतू.

ऑल्गानं चष्मा काढला. "ओह, हनी. आय ॲम सो सॉरी."

"नाही, नाही. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली."

"त्यानं काय होतं?" तिनं टिश्यूचा खोका त्यांच्यापुढे सरकवला. दगडावरून हात फिरवला. "किती झिजलाय. काहीच राहिलं नाही यावर."

"तेच. म्हणून आणला. पहिल्यासारखा करून हवा."

"नक्की करू. काय नाव त्यांचं?"

इकडे बसस्टॉपवरसुद्धा अनोळखी माणसं कुटुंबाची चौकशी करतात, हे मोहरीलांना माहीत होतं. त्यांनी नाव सांगितलं. उमा मोहरील. ऑल्गानं ते लिहून घेतलं, हेही त्यांना सौजन्यच वाटलं.

"कशा होत्या?" ऑल्गानं विचारलं.

आणि इथं घोकलेलं वाक्य निसटलं. आई कशी होती, हे त्यांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. ते बोलू लागले. आई चौथीपर्यंत शिकलेली. संध्याकाळी या दगडाशी बसे आणि चारूला शेजारी बसवून धडा मोठ्यानं वाचायला लावी. चारू वाचतोय तोवर तिचा हात चाले. चारू अडखळला की हातही थांबे. त्यामुळे भूक लागली की पोरगं धाड धाड वाचत सुटे. "मी ग्रंथपाल झालो तो असा," मोहरील म्हणाले, "पोटासाठी." ऑल्गा हसली आणि तिनं एक टिश्यू स्वतःसाठी घेतला. दगडाचं यात काय काम होतं, हे सांगायचं मात्र मोहरीलांच्या बोलण्याच्या भरात राहूनच गेलं.

"आणि हा छोटा?" तिनं वरवंटा उचलून हळूच विचारलं.

"तो तिच्याबरोबरच असतो. दोघं वेगळे केले तर काही अर्थ नाही."

"वडील," ऑल्गा वॉल्टरला कुजबुजली. वॉल्टरनं डोक्यावरची टोपी काढली.

मोहरीलांच्या आता ध्यानात आलं की गाडी भलत्याच रुळाला लागली आहे. पण समोर एक बाई डोळे पुसते आहे, एक माणूस टोपी काढून उभा आहे. अशा वेळी चटणीचा विषय कसा काढायचा?

"कुठल्या सिमेटरीत ठेवणार?"

"घरीच," ते पुटपुटले. "किचनमध्ये."

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. "घरी आणखी कोण असतं?" ऑल्गानं फार मऊ आवाजात विचारलं.

"मीच. मुलगा ओटावाला असतो."

"त्याचा नंबर देऊन ठेवा, हनी. असू दे."

त्यांनी दिला. मग ती म्हणाली, "नावाखाली एक ओळ घालू. त्या नेहमी म्हणायच्या असं काही?"

नको म्हणायची ही शेवटची संधी होती. पण या प्रश्नाचं उत्तर त्यांना इतकं पाठ होतं, की ते तोंडातून गेलंच. "जेवला का रे?" आणि ग्रंथपालाच्या काटेकोरपणानं त्यांनी त्याचं एकेक इंग्रजी अक्षर लिहूनही दिलं.

पुढचा सगळा आठवडा खुलासा करण्यात गेला, म्हणजे खुलाशाची तयारी करण्यात. ते दुकानात फोन लावत, ऑल्गा "हॅलो" म्हणे, आणि ते फोन ठेवून देत. तिकडे ऑल्गा वॉल्टरला म्हणाली, "कोणीतरी फोन करतं आणि नुसता श्वास घेतं. तो म्हाताराच असणार. मला त्याचं लक्षण ठीक दिसत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात बॅग घेऊन पुष्कर.

"बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"तू? इथं? मीटिंग?"

"एका बाईचा फोन आला ऑफिसात. तुमच्या वडिलांनी थडगं ऑर्डर केलंय म्हणाली. किचनमध्ये ठेवणार म्हणे." त्यानं ओट्याकडे, मग टेबलाखाली बघितलं. "बाबा, कोणाचं?"

"तसं आईचं. म्हणजे पाट्याचं. म्हणजे चटणीचं," मोहरील म्हणाले, आणि मग हळूहळू, मागून पुढे, त्यांनी सगळं सांगितलं.

पुष्कर चपलांच्या स्टँडवरच बसला. "मी अख्ख्या फ्लाइटमध्ये तुमचं वय मोजत आलो," तो म्हणाला. "आणि तुम्हाला चटणी हवी होती."

"तुला सांगितलं होतं मी. रविवारी."

पुष्करनं बुटाची नाडी सोडली. "तुम्ही टाकी म्हणालात," तो म्हणाला. "मी मिक्सर म्हणालो."

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेले. ऑल्गानं मखमलीचं फडकं दूर केलं. वॉल्टरनं मन लावून काम केलं होतं. पाटा आरशासारखा चमकत होता. वाकून बघणाऱ्या पुष्करचं नाकसुद्धा त्यात दिसत होतं. वर मोठ्या, खोल अक्षरांत आजीचं नाव. खाली ती ओळ. पुष्करनं इंग्रजी अक्षरं बोटानं जुळवत, लहान मुलासारखी वाचली.

"जे-व-ला का रे?"

"नाही, अजून कुठे," मोहरील बोलून गेले.

पुष्करनं वळून त्यांच्याकडे बघितलं. मग त्यानं ऑल्गाला सरळ सांगून टाकलं की मॅडम, हे थडगं नाही, यावर चटणी वाटतात.

वॉल्टरनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"माझ्या आजीचं वाटायचं भांडं मातीचं होतं," ऑल्गा शेवटी म्हणाली. "युक्रेनहून आणलेलं. खसखस घोटायची त्यात." ती मोहरीलांकडे वळली. "पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही आईबद्दल विचारत होतात," मोहरील जमिनीकडे बघत म्हणाले. "मध्येच कसं थांबवायचं?"

ऑल्गानं टिश्यूचा खोका पुन्हा पुढे ओढला. या वेळी ती रडत होती की हसत होती, हे वॉल्टरलाही ठरवता आलं नाही. टाके पाडून देतो, असं वॉल्टर म्हणाला, पण त्यासाठी अक्षरं घालवावी लागणार होती. मोहरीलांनी पाटा दोन्ही हातांनी जवळ ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराला स्पष्ट "नको" म्हटलं.

घरी येऊन पुष्करनं जवस भाजले, थोडे करपवले. मोहरीलांनी लसूण, तिखट, मीठ घेतलं आणि वरवंटा ओढला. चकचकीत भागावर जवस पूर्वीपेक्षा जोरात पळाले. पण अक्षरांवर आले आणि अडकले. मोहरीलांनी पुन्हा ओढला. जवस चिरडले. वॉल्टरची छिन्नी शेवटी छिन्नीच होती. नावावर लसूण ठेचला गेला, ओळीवर जवस, आणि बऱ्याच वेळानं अक्षरांच्या कडांना तेल चमकू लागलं.

"बाबा, सुटलं," पुष्कर म्हणाला.

दोघं टेबलाशी बसले. भाकरी नव्हती, टोस्ट होते. चटणी काढून घेतली तरी अक्षरांत पुष्कळ राहिली, तेव्हा पुष्करनं टोस्टचा कोपरा मोडला आणि एकेक अक्षर पुसून खायला लागला. मोहरील बघत राहिले. आईही असाच शेवटी पाटा त्यांच्यापुढे सरकवी. ती स्वतः कधी पाटा पुसून खाताना दिसली होती का, हे त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना.

"आज्जीला काय म्हणायचं होतं, ते आत्ता कळतंय," पुष्कर तोंड भरलेलं असताना म्हणाला. "उद्याची फ्लाइट पुढे ढकलू का?"

"तुझी मीटिंग असेल."

"नसतेच ती बाबा."

"माहीत आहे."

'जेवला का' साफ झालं होतं. शेवटचा 'रे' तेवढा राहिला होता, तेलात माखलेला. दोघांचेही हात टोस्ट घेऊन एकदमच पुढे आले. मोहरीलांनी आपला मागे घेतला.

"पूस तू," ते म्हणाले.