स्टेशन निघालं गावात फिरायला

"अख्खं स्टेशन उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं, त्यात काय एवढं? मी नेतो!"

भर सभेत मी असं ठोकून दिलं आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. तिथेच मला शंका यायला हवी होती!

आमचं ब्रॅकेन जंक्शन हल्ली मक्यासारखं वाढतंय. रोज एक नवं गोदाम! बंद पडलेलं लाकडी स्टेशन सोमवारी पाडून तिथे पार्किंग होणार होतं. आर्डिसबाई कोल्टरमन रडकुंडीला आल्या होत्या. त्यांचे वडील इथले शेवटचे स्टेशनमास्तर. इतिहास मंडळाच्या अध्यक्षही आर्डिसबाईच, आणि सभासदही जवळजवळ त्याच!

"ओर्लिन, सांभाळून नेशील ना रे?"

"बाई, आत कॉफीचा कप ठेवा. थेंब सांडला तर बोला!"

मेव्हण्याचा ट्रेलर आणला, स्टेशन चढवलं, निघालो. वरच्या तारा मोजल्या होत्या, झाडांच्या फांद्या मोजल्या होत्या. रेल्वे फाटकावरचा उंचवटा तेवढा मोजायचा राहिला! ट्रेलरचं पोट त्यावर टेकलं आणि चाकं उलट्या झुरळाच्या पायांसारखी हवेत फिरायला लागली. स्टेशन रुळांवर आडवं!

फाटकावरच्या पाटीवर नंबर होता. घाईघाईने रेल्वेला फोन लावला.

"रुळांवर काय अडकलंय?"

"स्टेशन."

"ते कळलं हो, स्टेशनाजवळ काय अडकलंय?"

"स्टेशनच अडकलंय!"

"प्यायलायस का?"

त्यांनी गाड्या थांबवायला सांगितलं, हे नशीब! इकडे गावात नव्याने आलेल्या लोकांना वाटलं, स्टेशन पुन्हा सुरू झालं. बघता बघता रांग लागली!

"शिकागोची गाडी कधी आहे?" एका टायवाल्याने विचारलं.

"येईलच इतक्यात," मी म्हणालो. सवयच वाईट माझी!

आणि खरंच आली की हो! लांबलचक मालगाडी हळूहळू सरकत हाकेच्या अंतरावर थांबली. ड्रायव्हर तणतणत खाली उतरला.

"हे स्टेशन आमच्या नकाशात नाही!"

तोवर आर्डिसबाई शिडी लावून वर चढल्या होत्या. स्टेशनच्या दारात कमरेवर हात ठेवून त्या गरजल्या, "पन्नासेक वर्षं उशीर झालाय तुला! माझे बाबा वाट बघून गेले!"

ड्रायव्हरने निमूट टोपी काढली. "माफ करा, बाई." मग इंजिनात जाऊन त्याने लांबच लांब शिटी दिली. बाई रडत होत्या, मी रडत होतो, टायवालाही रडत होता. का, ते त्यालाच ठाऊक!

मग शेतकरी ट्रॅक्टर घेऊन धावले, चर्चमधल्या बायकांनी पातेलंभर सूप आणलं, टायवाल्यानेही खांदा लावला. स्टेशन रुळांवरून सुटलं! शेरीफ म्हणाला, "ओर्लिन, आता ते दुसरं टोक विसर. पलीकडचं पहिलं मोकळं आवार दिसेल, तिथे उतरव."

पहिलं मोकळं आवार कुणाचं? माझंच! बायकोच्या टोमॅटोंवर!

लव्हॉन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण स्टेशन वाचलं. आर्डिसबाई रोज सकाळी येऊन खिडक्या पुसतात, गाडी आली की हात हलवतात, आणि ड्रायव्हर शिटी देतो. देव सगळ्यांचं भलं करो, अगदी त्या ट्रॅक्टरवाल्यांचंही, माझं कुंपण मोडलं तरी!

परवा मी पायरीवर बसलो होतो. बाई मला खालून वर निरखून लव्हॉनला म्हणाल्या, "हाही बराच जुना झालाय. जपायला हवा. मंडळातर्फे घेऊन जाऊ का?"

"खुशाल न्या!" लव्हॉन म्हणाली. "फक्त ट्रेलर दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या!"