साळवेकाकांचं नावडतं गाणं

लिफ्टमध्ये साळवेकाका भेटले की सातव्या मजल्यापर्यंत सुटका नाही. ते समोरच्याच्या कानाशी मोबाइल धरतात, चर्चमधलं एक नवीन गाणं लावतात आणि विचारतात, "सांगा, ह्यात चाल कुठंय? ही पीटी आहे, पीटी."

गिटार, ड्रम आणि "तू आहेस, तू आहेस" ही एकच ओळ. संपतच नाही. त्यावरून त्यांच्या चर्चमध्ये दोन तट पडलेत. पोरं डोळे मिटून, हात वर करून गातात. म्हातारे पाळकसाहेबांकडे तक्रार नेतात, आणि त्यांच्या सगळ्यांत पुढे साळवेकाका. नगरकडचा माणूस, जन्मभर पेटीवर भजनं वाजवली. "आमच्याकडे झांज हातात घ्यायची तरी आधी सूर कळावा लागायचा," हे वाक्य मी आता झोपेतही म्हणेन.

आमच्या सोसायटीतही एकमत नाही. वॉचमनने त्या गाण्याची रिंगटोन केलीय. सेक्रेटरी म्हणतात, बिल्डिंगमध्ये धार्मिक आवाज नको. गणपतीत स्पीकर मात्र तेच लावतात. माझी बायको कोलंबी सोलताना हेच गाणं गुणगुणते. "गाना बरा हाय, तुमालाच कान नाय," म्हणते.

मी करावे गावचा. ट्रकवर क्लीनर होतो, आता न्हावा शेव्याला माझ्या स्वतःच्या गाड्या लागतात. हा फ्लॅट घेताना बिल्डरला घाम फोडला होता मी. पण भिंतीपलीकडे कोण राहतं, हे कुणी सांगितलं नाही. माझा ट्रेलर एकदा गेटपाशी दुपारभर उभा राहिला, तर साळवेकाकांनी लेखी तक्रार केली. ते मी विसरलेलो नाही. आणि स्वतः काय करतात? ज्या गाण्याला दिवसभर शिव्या देतात, तेच रोज सकाळी पेटीवर. पोर्टवर गाडी अडकली की माझी रात्र फोनवर जाते. सकाळची तेवढी झोप, तीही गेली.

शेवटी एका सकाळी त्यांची बेल वाजवली.

"काका, ती ओळ दोनदा म्हणा. देवाला ऐकू येतं."

"दोनदात नाही भागत."

"बरं, चारदा. खिडकी लावून."

"खिडकी लावतो. ओळ कमी होणार नाही."

"सहा. शेवटचं."

"कंटेनरचं भाडं ठरवायला आलायस का रे?"

माझं डोकं सटकलं. "गाणं भिकार आहे म्हणून तुम्हीच सांगत फिरता ना?"

"आहेच भिकार." ते दारातून बाजूला झाले. "आत ये. चपला काढ."

आत मार्थाकाकू खुर्चीत बसल्या होत्या. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्यांची वाचा गेलेली, एवढं मला माहीत होतं. काका पेटीशी बसले.

"जुनी भजनं सगळी वाजवून पाहिली," माझ्याकडे न बघता म्हणाले. "एकालाही हिचे ओठ हलले नाहीत. मग चर्चची पोरं घरी येऊन हे म्हणून गेली..." भाता हलला.

ओळ आली, परत आली. काकू खिडकीकडे बघत होत्या. मी मनात मोजत होतो, मग मोजणं सोडून दिलं. काका गातच राहिले. बऱ्याच वेळाने काकूंची मान वळली आणि घशातून घासत, पण स्पष्ट शब्द आला. "आहेस."

मग काकांनी "तू" म्हणायचं आणि काकूंनी "आहेस", असं थोडा वेळ चाललं. त्या दमल्या, थांबल्या.

मला वाटलं, काका आता डोळे पुसतील. त्यांनी कपाळाला आठी घातली.

"सूर खाली गेला, मार्था," ते म्हणाले. "परत घेऊ."