सरगुंड्यांचे दहा गुण

“पोरगी चांगली हाये, पण तिचे पंचावन्नच्या वर नाई जात,” सासूबाई कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या बेबीताईंना सांगत होत्या. मी दोरीवरचे कपडे काढत होते आणि चादरीच्या अलीकडे असल्यामुळे त्यांना दिसत नव्हते. अकोटच्या गावंड्यांच्या घरात सुनेला कायम राहायचं तर पासष्ट गुण लागतात. माझे पंचावन्न होते. लग्न डिसेंबरात झालं होतं, तात्पुरती परवानगी मेअखेरपर्यंत होती, आणि तो जानेवारी होता.

गुणांचा हिशेब नानाजी ठेवतात. नानाजी म्हणजे माझे चुलत सासरे, तहसिलातून निवृत्त झालेले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाला ते बैठकीच्या खोलीत गुणमोजणीची फेरी घेतात, त्या वेळी पंखा बंद असतो, कागद उडू नयेत म्हणून. माझ्या वयाचे पंचवीस त्यांनी लगेच दिले. एम.एस्सी.चे पंधरा दिले. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही, ती दुर्गम भागात मोडते. तिथे राहायची तयारी दाखवली म्हणून पाच मिळाले. माझा नवरा पंकजही त्याच खोलीत राहत होता, पण तो जन्मानंच या घरातला. त्याला कधी गुण मोजावे लागले नाहीत. स्वतःचा टॉवेल कुठे असतो हेही त्याला माहीत नव्हतं, आणि त्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

अनुभवाच्या रकान्यात मी कराडला पाच वर्षं घरचा स्वयंपाक केल्याचा आईचा दाखला जोडला होता. तो परत आला. “आमटी ही वरणाशी समकक्ष धरता येत नाही,” असा नानाजींचा शेरा होता, तारखेसकट.

राहिली भाषा. ऐकण्याचे दहापैकी दहा मिळाले. बोलण्याचेही दहा होते. त्या परीक्षेत बेबीताईंशी भिंतीवरून तीन मिनिटं सलग बोलायचं होतं. मी “हो” म्हणाले, मग “हो ना” म्हणाले. बेबीताईंनी दाखल्यात लिहिलं, “उमेदवार ऐकून घेते.” तोंडी परीक्षेत नानाजींनी विचारलं, “भाजीत मीठ जास्त झालं, त कोणाले सांगशीन?”

मी विचार करून सांगितलं, “कोणालाच नाही.”

“उत्तर बरोबर हाये,” ते म्हणाले, “पण लांबी कमी पडते.” त्यांनी शून्य लिहिलं आणि त्याभोवती गोल केला.

“बोलून टाक ना दोन-चार वाक्यं,” पंकज म्हणाला. “त्यात काय एवढं?” त्याला मनापासून वाटत होतं की त्यात काही नाही.

एप्रिलमध्ये एक वाट निघाली. या भागात उन्हाळ्यात सरगुंडे करतात. गव्हाच्या पिठाची सुतासारखी बारीक तार ओढायची, काडीवर गुंडाळत न्यायची आणि वाळवायची. मग ते उकडून आंब्याच्या रसाबरोबर खातात. स्वतः वळलेले सूपभर सरगुंडे दाखवले तर स्थानिक अनुभवाचे दहा गुण मिळतात. म्हणजे नेमके पासष्ट.

मी बारा दिवस गच्चीवर बसले. माझी तार तिसऱ्या वेढ्याला तुटायची. सासूबाई शेजारी बसून त्यांचं सूप भरत. त्यांचे हात पिठाकडे न बघता चालत. त्या बघत असत माझ्या हातांकडे.

“अंगठा दाबू नको, अनुजा. पिठाले भेव वाटते.”

“हो.”

“हो नको म्हणू. अंगठा उचल.”

मी अंगठा उचलला. तार तुटली. त्या हसल्या नाहीत. आपल्या काडीवरून एक वेढा सोडवून त्यांनी तो माझ्या काडीवर चढवून दिला.

पाहणीच्या दिवशी नानाजी वही घेऊन गच्चीवर आले. सासूबाईंसमोर भरलेलं सूप होतं. माझ्यासमोरच्या सुपात तळ दिसत होता. नानाजी जिन्याचं दार ओढून घ्यायला वळले, तेवढ्यात सासूबाईंनी दोन्ही सुपांची अदलाबदल केली. आवाजसुद्धा झाला नाही.

“हे भरलेलं कोणाचं?”

“अनुजाचं,” सासूबाई म्हणाल्या.

नानाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मी बोलेन. गच्चीवर ऊन होतं, वाळवणावर माश्या होत्या, आणि पहिला शब्द कुठला घ्यावा हे माझं ठरेना. तोवर त्यांनी लिहून टाकलं.

मेच्या फेरीत माझे पासष्ट जाहीर झाले. मला कायम रहिवासाचा कागद मिळाला, कपाटातला एक पूर्ण कप्पा मिळाला, आणि फ्रिज न विचारता उघडण्याचा हक्क मिळाला. पंकजनं पेढे आणले होते. मी एक खाल्ला.

मग नानाजींनी पान उलटलं आणि म्हणाले, “प्रमिला गावंडे, वार्षिक नूतनीकरण.”

तोवर मला माहीत नव्हतं की सासूबाई तात्पुरत्या आहेत. एकतीस वर्षं त्या दर मेमध्ये परवानगी वाढवून घेत होत्या. त्या नव्या होत्या तेव्हा त्यांचेही पंचावन्नच झाले होते, पुढे साठपर्यंत गेले. पंचेचाळिशीनंतर कायमचा अर्ज करता येत नाही, फक्त नूतनीकरण करता येतं, आणि त्याला साठ लागतात. वयाचे आता शून्य. मॅट्रिकचे पाच, भाषेचे वीस, वास्तव्याचे तीस, आणि दर वर्षीच्या सरगुंड्यांचे दहा.

“या साली सूप नाई तुमचं,” नानाजी म्हणाले. “पंचावन्न होतात, वहिनी.”

“होऊ द्या,” सासूबाई म्हणाल्या, आणि दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटरच टाक असं सांगावं तशी त्यांनी मान हलवली.

जूनपासून त्या पाहुण्या म्हणून राहू लागल्या. पाहुण्यांना तीन महिने मिळतात. त्यांना स्वयंपाकघरात जाता येत नाही. त्या बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या कडेला, मांडीवर पर्स घेऊन बसत. मी ताटलीत ठेवून पाण्याचा ग्लास नेई. “कायले एवढा त्रास घेता,” त्या म्हणत. मला अहो-जाहो करत. पाहुण्यांनी करायचं असतं. फोडणी जळल्याचा वास गेला की त्यांची बोटं पर्सच्या बंदावर चालत, पण त्या उठत नसत. जेवताना म्हणत, “छान झाली भाजी.” भाजी छान झालेली नसे. एप्रिलपर्यंत त्यांनी मला असं कधी फसवलं नव्हतं.

ऑगस्टअखेर त्यांनी मूळ ठिकाणी परतायचं होतं. वहीत मूळ ठिकाण दर्यापूर होतं. पंकजनं जाऊन पाहिलं. मामाचं घर विकलं गेलं होतं, तिथे टायरचं दुकान होतं. त्यानं तसं सांगितल्यावर नानाजींनी चष्मा पुसला. “ठिकाण दर्यापूर. गाव त हाये ना जागेवर?” ते म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. चष्मा त्यांनी दोनदा पुसला.

निकालावर हरकत घ्यायला अठ्ठावीस दिवस असतात. मी हरकतीचा अर्ज चार वेळा लिहिला. अक्षर चांगलं आलं होतं. चारही वेळा मला माझ्या कप्प्यात घडी घातलेल्या साड्या दिसल्या, आणि मी अर्ज त्यांच्याखाली ठेवला. एकोणतिसाव्या दिवशी मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाचं मला अजून नीट काही करता आलेलं नाही.

जुलैत नियमांची पुस्तिका मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. कलम चौदा असं होतं: कायम रहिवासी आपले गुण फेरीत कधीही सोडू शकतो. सोडलेले गुण मूळ धारकाकडे जातात. गुण सोडणाऱ्याचे पासष्टपेक्षा कमी उरले, तर तो त्या दिवसापासून पाहुणा धरला जाईल. हे तोंडी सांगावं लागेल, लेखी चालणार नाही.

पंकजला मी पुस्तिका दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि विचारलं, “आणि तू?”

“कराड आहे अजून,” मी म्हणाले.

 तो उठला, आणि दोरीवरून स्वतःचा टॉवेल शोधून आणला.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दहाला फेरी सुरू झाली. पंखा बंद होता. सासूबाई सोफ्याच्या कडेला होत्या, पायाशी बॅग भरलेली होती. पंकज दाराशी उभा होता. नानाजींनी शेवटचं पान वाचलं आणि सवयीनं विचारलं, “कोणाचं काई म्हणणं?” उत्तराची वाट न पाहता ते वहीचं फडकं बांधायला लागले.

मी उभी राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहून नाही म्हणून मान हलवली.

“थांबा, नानाजी,” मी म्हणाले. “ते सरगुंडे मी नाई वळले, आईनं वळले. तुमी विचारलं तवा मी तिथंच बसून होती, अन् बोल्ली नाई. माह्ये दहा काढून घ्या, अन् त्यायचे त्यायले द्या.”